मागच्या रांगेतला मावेजा

परवा रविवारी परभणीत आम्ही चौघं सिनेमाला गेलो. खानदानाची गुपितं एकेक करून फुटतात आणि माणसं पोट धरून हसतात, असं पोरीनं मोबाइलवर वाचलं होतं. दारातच बायकोच्या पर्समधली शेंगांची पुडी जप्त झाली. आत पॉपकॉर्न 180 रुपये. मक्याचा हमीभाव 2025-26 च्या हंगामाला क्विंटलला 2400. तोही आडतीवर हातात पडेल तेव्हा खरा. इथं मूठभर लाह्यांना 180! वर तिकीट शंभराच्या पुढं गेलं म्हणून 18 टक्के जीएसटी. हसायला बसलो तेव्हाच डोकं तापलेलं होतं.

पडद्यावर आजोबांची कुलूपबंद पेटी दिसली आणि बरोबर माझ्या मानेमागं फोन वाजला.

"हां, बोल. टाकीजमधी हाव. पिच्चर बघायलो. बोल की, निवांत हाव."

आवाज असा, की समोरचा माणूस जिंतूरला असेल तर फोनची गरजच नव्हती.

"मोजणी झाली का? किती चाललंय रस्त्यात? दोन एकर? मग आक्काला कामून सांगितलास? ...नाही सांगितलास ना? मग ठीक हाय. मावेजा, जमिनीचे पैसे, यायच्या आधी सही झाली पायजे. पंचमीला येईल, तवा लुगडं घे, किलोभर पेढे घे अन् हक्कसोड करून टाक. इचारली तर मनायचं, कागद जुना झालाय, नवा करायलोत. ...अन् हे बघ, कुणाला बोलू नको. घरातली गोष्ट हाय."

घरातली गोष्ट एव्हाना अख्ख्या टाकीजला तोंडपाठ झाली होती. आजोबांच्या पेटीकडं कुणी बघेना. जालना-नांदेड महामार्गात गेलेल्या त्या दोन एकरांपुढं पेटीची काय किंमत! मी मागं वळून म्हटलं, "काका, जरा हळू."

तर शेजारच्या बाई माझ्यावरच खेकसल्या, "ओ भाऊ, तुम्ही गप बसा की! ऐकू द्या."

पैसे मी भरलेत, गप मीच बसायचं.

काकांनी फोन छातीशी धरला. "पाव्हणे, कुण्या गावचे?"

"सेलू."

"सेलूत कुणाचे?"

आता हे सांगण्यात अर्थ नव्हता, पण मराठवाड्यात या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे पाणी न विचारण्यासारखं. आडनाव सांगितलं. तीन मिनिटांत मी त्यांच्या चुलत साडूच्या मेहुण्याच्या भावकीत निघालो. मग त्यांनी बंडीच्या खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या. बंडी कुणी तपासली नव्हती! पर्स तेवढी तपासायची.

तेवढ्यात पडद्यावर पेटी उघडली असावी, कारण पुढच्या रांगा खदखदून हसल्या. पेटीत काय होतं ते मला अजून माहीत नाही.

मध्यंतरात मी बायकोला ज्ञान पाजळलं. म्हटलं, वडिलोपार्जित जमिनीत लेकीला भावाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानं 1994 सालीच केला, अख्ख्या देशाला 2005 उजाडलं. आणि आपल्याकडं अजून लुगडं-पेढ्यात काम उरकतात. सही केली नाही तर माहेर तुटतं, म्हणून बिचाऱ्या करतात. वर 'आमच्या बहिणीनं राजीखुशीनं सोडलं' म्हणून गावभर सांगायचं. असल्या माणसांना तर...

बायको शेंगा सोलत होती. टरफलं माझ्याच रुमालात टाकत म्हणाली, "आपल्या सेलूच्या रानाच्या हक्कसोडीला ताईंना काय घेतलं होतं हो?"

"पैठणी," मी म्हटलं.

"सेमी," ती म्हणाली.