बाक काढले की टवाळखोर जातात म्हणे

‘उद्यानांतले बाक आणि कट्टे हटवा, भिंत आठ फुटी करा, दुपारी कुलूप घाला.’ हा मेसेज काल मला आईने पाठवला, तोही उद्यानातल्या बाकावर बसून! गुडघ्यांमुळे एक फेरी झाली की ती तिथे टेकते. मोतीबिंदूचा डॉक्टर तिला त्याच बाकावर कळला, पोळ्यांच्या मावशीही तिथेच मिळाल्या.

म्हणे, बाक असले की टवाळखोर जमतात. अहो, टवाळखोराला बाक लागतोच कुठे? तो मोटरसायकलवर बसतो. बाक काढला की घरी बसते ती आई. शहरांतल्या सार्वजनिक जागांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते पाहिलं. जिथे बसायला जागा आहे तिथे! यासाठी कॅमेरे कशाला, असं वाटेल. पण नकोशी माणसं टाळायला बसायची सोय काढली की बाकीचेच पांगतात, हेही त्यांनीच बजावलं. तिथलं ब्रायंट पार्क तेव्हा गर्दुल्ल्यांचा अड्डा होतं. व्हाइट यांचा सल्ला होता, उंच झुडपं काढा, आत यायच्या वाटा वाढवा. 1992 मध्ये ते नव्याने उघडलं तेव्हा तिथे चक्क सुट्या खुर्च्या ठेवल्या, हवी तिथे ओढून बसा.

आठ फुटी भिंत ‘महिलांच्या सुरक्षेसाठी’ हवी म्हणे. रस्त्यावरून आतलं काही दिसणार नाही, अशा ठिकाणी कोणती बाई एकटी जाईल? व्हाइट यांना चांगल्या चालणाऱ्या चौकांत बायकांचं प्रमाण जास्त दिसलं, कारण बायका जागा पारखून बसतात. आपल्या शिवाजी पार्कला बुटका कट्टा आहे. रस्त्यावरून मैदान दिसतं, मैदानातून रस्ता.

दुपारच्या कुलपाबद्दल एवढंच : भर उन्हात डबा खायला सावली शोधणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोराने जायचं कुठे?

बाकांवर बोलतं कोण, ‘हल्ली सगळे मोबाइलमध्येच असतात’, हे बऱ्यापैकी खरं आहे. रात्री बाटल्या पडतात, तेही खरं. झाडूवाल्या ताई सकाळी त्या पोत्यात भरतात, मी पाहिलंय. पण त्या सापडतात पंपाच्या खोलीमागे, जिथला दिवा कधीचा गेलाय. मेसेजमध्ये दिव्याचं नाव नाही.

आईला फोनवर हे सगळं ऐकवलं. म्हणाली, “मी कुठे वाचलाय? देशपांडे काकांनी पाठवला, मी पुढे ढकलला.”

कोण देशपांडे काका?

“अरे, माझ्याच बाकावर बसतात ते.”