नाव पुसलं की दुरुस्तीची वाटही बुजते

गेले काही दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की ओपन सोर्स कोड, म्हणजे सगळ्यांसाठी खुला ठेवलेला प्रोग्रॅमचा मजकूर, हा सोडून दिलेला माल, चार ओळी बदलल्या की तो आपला. फोर्क करणारे, म्हणजे दुसऱ्याच्या कोडची प्रत घेऊन ती वेगळी पुढे नेणारे, तसेही चोरच, मग नावाचा हट्ट कशाला? आणि सीमाभागात मराठीसाठी काम करणाऱ्याने तर श्रेय मागूच नये. मला तो चौघांनी पाठवला. चौघेही ओळखीचे, चांगले लोक आहेत, म्हणून उत्तर देतोय.

‘सोडून दिलेला’ हे मुळातच चूक. कोड खुला करणारा हक्क सोडत नाही, परवानगी देतो, तीही अटीवर. खुल्या कोडसोबत दिलं जाणारं एमआयटी लायसन्स, म्हणजे परवानगीपत्र, पानभरही नाही. त्याची अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवा, कोडचा मोठा तुकडा उचललात तर त्यातही ठेवा. रेपोत, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेत, लायसन्सच नसेल तर वापरायची परवानगी मिळाली असं धरता येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय, आणि कलम ५७ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करून दिला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा हक्क लेखकाकडेच राहतो. अमेरिकेत रेल्वेची छोटी मॉडेल चालवण्याच्या एका मोफत सॉफ्टवेअरच्या फायली लेखकांची नावं काढून वापरल्या गेल्या होत्या. त्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात २००८ साली अपील कोर्टाने मानलं की श्रेयाची अट हा परवानगीचाच भाग आहे, ती मोडणं कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. कोड फुकट वाटलेला होता, म्हणून अट फुकट गेली नाही.

चार ओळी बदलल्या की आपला? बदललेल्या चार ओळी तुमच्या, बाकीच्या ज्याच्या त्याच्या. जीपीएल आणि अपाची ही दुसरी लायसन्स तर बदल करणाऱ्यालाच सांगतात की मी इथे बदल केलाय असं लिहून ठेव. म्हणजे दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदायची सोय आधीच केलेली आहे.

फोर्कला चोरी म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. वर्डप्रेस २००३ साली बी२ नावाच्या सॉफ्टवेअरचा फोर्क म्हणून निघालं. २०१० साली ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं. जीसीसी या कंपायलरचा (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा) १९९७ चा फोर्क इतका सरस ठरला की १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. वेगळी चूल मांडणं हा खुल्या कोडचा हक्कच आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये रीतसर फोर्क केला की मागचा सगळा इतिहास, कुणी कधी कोणती ओळ लिहिली ते, सोबत येतो. झिप उतरवून, लायसन्सची फाइल काढून, नव्या रेपोत एकाच कमिटमध्ये (बदलाच्या एकाच नोंदीत) सगळं ओतणं ही वेगळी गोष्ट. तिला फोर्क म्हणू नका.

आता शेवटचा मुद्दा, जो मला लागला. मराठीची सेवा करतोस तर नाव कशाला?

आपल्याकडे आरटीसी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये येतो. घरातल्या म्हाताऱ्यांना तो वाचता येत नाही, म्हणून मी कन्नड मजकूर देवनागरीत बदलणारं छोटं टूल लिहिलं. युक्ती सोपी आहे: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन्ही लिप्या एकाच क्रमाने मांडल्यात, कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की बहुतेक वेळा देवनागरी अक्षर मिळतं. ही मांडणी भारतीय लिप्यांच्या १९८८ च्या इस्की मानकावरून आलेली आहे, माझी नव्हे, आणि रीडमीमध्ये (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) मी पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. माझं काम पुढचं. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. नुसती वजाबाकी केली की बेळगावीचं ‘बॆळगावि’ होतं. नीट बघा, ‘ब’वरची मात्रा वेगळी आहे. नजरेतून निसटते, पण शोधात ‘बेळगाव’ टाइप केलं की ती ओळ सापडतच नाही. पहिल्या आवृत्तीत ही चूक होती. महिन्याभराने मी ती दुरुस्त केली.

एका संस्थेने पहिली आवृत्ती उचलून ॲप काढलं. माझं नाव गेलं, रीडमी गेला, इस्कीची ओळही गेली. खानापूर तालुक्यातले एक काका त्या ॲपमध्ये स्वतःच्या गावाचं नाव शोधत होते, सापडेना. ते मला म्हणाले, “गाव हाय की रे हितं, मग मिळत का न्हाई?” कुणाला विचारायचं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. ॲप करणाऱ्यांनाही दुरुस्ती झाल्याचं कळलं नव्हतं, कारण मूळ रेपोकडे जाणारा दुवा त्यांनी स्वतःच पुसला होता. यात मराठीची कोणती सेवा झाली?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कास्टिंगवर (ओतीव नगावर) हीट नंबर, म्हणजे धातूच्या एका वितळणीचा क्रमांक, उठवलेला असतो. तो फौंड्रीची हौस म्हणून नसतो. उद्या तडा गेला तर कोणत्या हीटचा माल होता ते शोधून बाकीचे नग बाजूला काढता यावेत, म्हणून असतो. तो नंबर घासून माल पाठवला तर कोण घेईल?

आणि हो, नाव दिसल्याचा आनंदही होतो. रात्री कामावरून आल्यावर लिहिलेलं आहे ते. त्या आनंदाची मला लाज वाटत नाही, कुणालाच वाटू नये.

याच टूलचा एका कॉलेजच्या मुलाने रीतसर फोर्क केला, माझी ओळ ठेवून खाली स्वतःची घातली, आणि मला न सुचलेली अनुस्वाराची एक गडबड सोडवली. ती दुरुस्ती मी मूळ टूलमध्ये घेतली, आता माझ्याकडेही त्याचं नाव आहे.

त्या संस्थेला काल पुन्हा लिहिलंय: लायसन्सची फाइल परत ठेवा, ‘माहिती’ पानावर मूळ रेपोचा दुवा द्या. मात्रांची दुरुस्ती सोबत जोडली आहे, ती आजच घाला.