कुणाला म्हणताय हाउसो?

आज इथे सिडनीत आम्ही एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर कुणीतरी टीव्हीवर 'हाउसोज' या ऑस्ट्रेलियन विनोदी मालिकेच्या क्लिप लावल्या. त्यातली शाझा थाँग फेकून मारतेय (थाँग म्हणजे इथे चप्पल हो, भलतं मनात आणू नका) आणि हॉलभर हशा. मग आपल्यातलेच एकजण म्हणाले, "आमच्या गल्लीत पण दोन हाउसो आहेत, घरांचे भाव पडतात त्यांच्यामुळे." डोकंच सटकलं माझं. तिथे मुकाट आइस्क्रीम खाल्लं, म्हणून आता इथे लिहितेय.

भारतातल्या मंडळींसाठी: हाउसो म्हणजे ऑस्ट्रेलियात सरकारी घरात राहणारा. हाउसिंग कमिशन, म्हणजे सरकारी घरांचं खातं, त्यावरून आलेला शब्द, वापरतात मात्र शिवीसारखा. पॉल फेनेकची ही मालिका २०११ मध्ये एसबीएस या सरकारी वाहिनीवर आली. सनीवेल नावाची काल्पनिक वस्ती. सगळे सरकारी भत्त्यावर, दारू, राडे. बोंबाबोंब झाली, आणि पुढे लोगी हा इथला टीव्हीचा पुरस्कारही मिळाला.

तेव्हा आम्ही सिडनीच्या पश्चिमेला माउंट ड्रुइटला भाड्याने राहायचो. शेजारीण हाउसिंग कमिशनच्या घरात. दंडावर टॅटू, तोंडात शिव्या, पायात अर्थातच थाँग. नवरा बहुतेक रात्रपाळीला, पोर चार महिन्यांचं, कचऱ्याचा लाल झाकणाचा डबा कधी काढायचा आणि पिवळ्याचा कधी, मला काही कळायचं नाही. कचऱ्याच्या गाडीच्या आदल्या रात्री आमचा डबा तीच रस्त्याकडेला नेऊन ठेवायची. न सांगता. हिच्यामुळे भाव पडतात?

आणि आपण कोण हो बोलणारे? मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास, मालक सरकार. मग मी कोण, हाउसोच ना? इथे सिडनीत बऱ्याच भागांत सरकारी घरासाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागतं, आणि म्हणे फुकटे!

हां, मान्य, मालिका पोलिसांनाही सोडत नाही. त्या वस्त्यांतही ती आवडीने बघणारे असतील. चाळकरी चाळीवर हसतोच की. पण आजच्या हॉलमध्ये त्या वस्तीतलं कुणी नव्हतं, सगळे चार बेडरूमवाले.

२०१५ मध्ये एसबीएसनेच माउंट ड्रुइटवर 'स्ट्रगल स्ट्रीट' ही माहितीपट मालिका काढली, तेव्हा तिथल्या ब्लॅकटाउन कौन्सिलने निषेध म्हणून कचऱ्याच्या गाड्या नेऊन वाहिनीच्या दारात उभ्या केल्या होत्या. मला आपला तिचा डबाच आठवला.

जाऊ दे, राग उतरला. खरं तर त्या गृहस्थांवर एवढं चिडायचा मला हक्क नाही. मालिका आम्हीही बघायचो. नवरा घरी असला की दोघं खदाखदा हसायचो. फायब्रोच्या, म्हणजे पातळ सिमेंटच्या पत्र्यांच्या भिंती, खिडक्या सताड उघड्या. एकदा असंच हसता हसता बाहेर पाहिलं, तर ती आमचा डबा ओढत होती. वर बघितलं नाही तिने. चाकांची खडखड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. मी टीव्हीचा आवाज बारीक केला.