जुलैत जाणार? आधी पुस्तक नीट वाचा

परवा रविवारी वाचनकट्ट्यावर पुन्हा ख्रिस मॅककँडलेस निघाला, अलास्काच्या रानात एकटा राहायला गेलेला आणि तिथेच मेलेला तो अमेरिकन पोरगा. पुन्हा तोच सव्वा तास: तो वेडा होता की थोर होता. आणि शेवटी एक गृहस्थ उठून म्हणाले, "मी पुढच्या वर्षी जाणार आहे तिकडे. जुलैत. तेव्हा थंडी कमी असते." टाळ्या पडल्या. पंचवीस-तीस माणसं, बहुतेकांनी त्याच्यावरचं 'इन्टू द वाइल्ड' हे पुस्तक वाचलेलं, आणि एकालाही 'जुलै' हा शब्द टोचला नाही.

जुलै! अहो, तो पोरगा जुलैमुळेच तर अडकला! २८ एप्रिल १९९२ ला तो स्टॅम्पीड ट्रेल या रानवाटेवरून आत गेला. तेव्हा वाटेतली टेक्लानिका नदी गोठणीच्या हंगामातून नुकती बाहेर पडत होती, पाणी उतरलेलं होतं, तो चालत पलीकडे गेला. दोन महिने काढले, परत फिरायचं ठरवलं आणि ५ जुलैला त्याच काठावर येऊन उभा राहिला. समोर नदी दोन्ही काठ भरून धावत होती. रानात टाकून दिलेल्या ज्या जुन्या बसमध्ये तो राहत होता, तिकडे तो मागे वळला आणि ऑगस्टमध्ये तिथेच मेला. पुस्तकात हे सगळं तारीखवार दिलंय. तरी सव्वा तासात नदीचं नाव दोनदा आलं, तेही एकदा चुकीचं.

ही नदी अलास्का रेंजमधल्या हिमनद्यांतून येते. हिमनदीच्या पाण्याचं गणित आपल्या पावसाळी नदीच्या उलटं असतं. इथे आभाळ भरलं की आपण सावध होतो. तिथे सलग चार दिवस स्वच्छ ऊन पडलं की सावध व्हायचं, कारण बर्फ उन्हाने वितळतो. वर पाऊसही झाला तर मग विचारूच नका. दिवसभराचं वितळलेलं पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारनंतर आणि संध्याकाळी पातळी सगळ्यात वर असते आणि पहाटे सगळ्यात खाली. शिवाय पाणी राखाडी, दगडाच्या पिठाने गढूळ. गुडघाभर आहे की कमरेइतकं, काठावरून कळत नाही. काठावर शांत उभं राहून ऐकलं तर तळातून घरंगळणाऱ्या धोंड्यांचा गडगडाट येतो. तो आवाज आला की त्या दिवशी पाण्यात पाय घालायचा नाही. एवढं तरी त्या गृहस्थांना कोणी सांगावं की नाही? टाळ्या कसल्या वाजवता!

आणि नदी ओलांडायची कशी, हे एकाही चर्चेत का येत नाही? पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा, म्हणजे पडलात तर पिशवी झटकन अंगावेगळी होते. नाही सोडला तर वीस किलोची पिशवी तुम्हाला पालथं दाबून धरते. बूट काढायचे नाहीत. बर्फाच्या पाण्यात अनवाणी पाय दोन मिनिटांत बधिर होतात आणि दगडावर कुठे टेकलाय ते कळत नाही. हातात मजबूत काठी, ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवायची, तोंड वरच्या बाजूला आणि एका वेळी एकच आधार हलवायचा. जागा निवडताना अरुंद भाग टाळायचा. अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. पात्र पसरून फाटे फुटलेत अशी जागा शोधत वरच्या अंगाला चालत जायचं, भले अर्धा दिवस जावो. पाण्यात उतरण्याआधी खालच्या अंगाला काय आहे ते बघायचं: वाहून गेलात तर वाळूच्या पट्ट्यावर जाल की अडकलेल्या ओंडक्यांत? ओंडके असतील तर ती जागा सोडायची. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, म्हणून वेगवान पाणी गुडघ्याच्या वर आलं की परत. मुकाट्याने परत.

दोराचंही सांगून ठेवते, कारण तिथे माणूस गेलंय. २०१० मध्ये एक स्विस तरुणी याच टेक्लानिकात बुडाली. नदीवर दोर ताणलेला होता आणि तिने स्वतःला त्या दोराला बांधून घेतलं होतं. पाय सुटल्यावर दोराला झोळ आला, माणूस प्रवाहाच्या मध्यात लटकला आणि पाण्याने त्याला खाली दाबून धरलं. आडव्या दोराला स्वतःला बांधणं म्हणजे सुटायची वाट स्वतःच्या हाताने बंद करणं. २०१९ मध्ये बेलारूसची नुकतं लग्न झालेली मुलगी गेली. कधी? जुलैत! दोन्ही मृत्यू पुस्तक आल्यावरचे, सिनेमा आल्यावरचे. या दोघींबद्दल त्या सव्वा तासात एक शब्द नाही. तिथे वाद कशावर चाललेला, तर त्याने खिशातले पैसे जाळले ते बरोबर की चूक!

मग येतात 'नकाशा'वाले. "साधा नकाशा असता तर वाचला असता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं उठतं. हो, त्याच्याजवळ सविस्तर नकाशा नव्हता आणि ती मोठी चूक होती. तो जिथे थबकला तिथून एक किलोमीटरच्या आत, खालच्या अंगाला, नदीवर पोलादी तारेवरून हाताने ओढायचा पाळणा होता. त्याला ते माहीत नव्हतं. पण नकाशा हातात असणं आणि नकाशा वाचून 'ही नदी परतताना केवढी असेल' हा प्रश्न पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटीने आल्या की घळ, विरळ झाल्या की पात्र पसरलेलं. नदीचा उगम हिमनदीत दिसला की एप्रिलची पातळी विसरायची. जाताना काठावरच्या दगडांवर जुन्या पुराची रेघ कुठवर आहे ते बघून ठेवायचं. हे ज्याला येत नाही त्याच्या हातात नकाशा म्हणजे नुसता कागद. आणि हे सुनावणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी समोच्च रेषेवर बोट ठेवलंय?

याहून जास्त संताप मला त्याने खाल्लेल्या बियांवरून येतो. "विषारी बिया खाल्ल्या, मेला, संपलं." कुठली आवृत्ती वाचलीत? हे कोणीच विचारत नाही! पुस्तकाचा लेखक जॉन क्राकौअर, त्याने १९९३ च्या मासिकातल्या लेखात म्हटलं की त्याने रानबटाटा समजून दुसऱ्याच वनस्पतीच्या बिया खाल्ल्या. १९९६ च्या पुस्तकात ते मागे घेतलं: वनस्पती त्याने बरोबर ओळखली होती, पण तिच्या बियांतच विषारी अल्कलॉइड असावं. मग फेअरबँक्सच्या विद्यापीठात तपासणी झाली, त्यात तसलं विष सापडलंच नाही. पुढच्या आवृत्तीत ओल्या बियांवरची बुरशी आली. २०१३ मध्ये आलं ओडॅप नावाचं विष. नंतर जास्त काटेकोर चाचणी केली तर तेही नाही, त्याऐवजी एल-कॅनाव्हॅनिन हे दुसरंच विषारी द्रव्य निघालं, आणि ते २०१५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. एका लेखकाने वीस वर्षं स्वतःचं म्हणणं पुन्हा पुन्हा तपासलं, चुकलं तिथे उघडपणे बदललं. आणि आपल्याकडे फुटपाथवरून घेतलेली जुनी प्रत हवेत नाचवून एक काका ठणकावून सांगतात की त्याला झाडंच ओळखता येत नव्हती. पान उलटून मुद्रणाचं साल तरी बघा हो! ज्या माणसाने वनस्पती बरोबर ओळखली, त्याच्यावर तीस वर्षं हा शिक्का चालू आहे, तो याच आळसामुळे.

ओडॅपचं नाव आलं तेव्हा तर आपल्या लोकांनी कान टवकारायला हवे होते. ओडॅप म्हणजे लाखोळीतलं विष! झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान कापायच्या आधी उभ्या बांधीत लाखोळी फेकतात, तीच. दुष्काळात महिनोन्महिने तीच डाळ पोटात गेली की तरण्याताठ्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडायचे, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पण भातभाजीबरोबर कधीमधी खाणाऱ्याला काही होत नव्हतं. मॅककँडलेसच्या बियांत शेवटी ओडॅप निघालं नाही हे खरं, पण लाखोळीने शिकवलेली गोष्ट तिथेही लागू पडते: भरल्या पोटाला जे पचतं ते उपाशी, वाळलेल्या अंगाला झेपेलच असं नाही. भंडारा-गोंदियाचा म्हातारा शेतकरी हे दोन वाक्यांत समजावून सांगेल. कट्ट्यावर कोणाला विचारायचं सुचत नाही.

कारण बियांच्या आधी उपासमार होती. जरा हिशेब मांडा. त्याने नेलेला तांदूळ दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो. किलोला साधारण ३६०० कॅलरी धरल्या तर झाल्या १६ हजारांच्या आसपास. थंडीत, चालणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या माणसाला दिवसाला ३००० तरी हव्यात. म्हणजे साडेपाच दिवसांचं अन्न! तो आत राहिला शंभरावर दिवस. बाकी सगळं .२२ च्या रायफलीवर: खारी, पक्षी, साळिंदर. हे मांस कोरडं, चरबी जवळपास नाही. नुसतं बिनचरबीचं मांस कितीही खाल्लं तरी माणूस खंगतच जातो, उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सापडला तेव्हा देहाचं वजन ३० किलोच्या आसपास होतं. बिया ही शेवटची काडी असेल किंवा नसेल, पण साडेचार किलो तांदळावर कोणी वाद घालत नाही, कारण त्यात ना थोरपणा आहे ना वेडेपणा. नुसता गुणाकार आहे.

आणि ते मूस! ९ जूनला त्याने मूस, म्हणजे उत्तरेकडचं सगळ्यात मोठं हरीण, मारलं. शेकडो किलो मांस. स्थानिकांनी म्हटलं, छे, त्याला मूस आणि कॅरिबू (लहान जातीचं हरीण) यातला फरक कळत नव्हता, आणि क्राकौअरने पहिल्या लेखात तसं छापलंही. नंतर फोटोंवरून सिद्ध झालं की ते मूसच होतं, आणि पुस्तकात तशी दुरुस्ती आहे. तरी परवा एकाने कॅरिबूचाच किस्सा सांगून हशा मिळवला! खरी चूक मांस टिकवण्यात झाली. त्याने ते धुरावर ठेवायचा खटाटोप केला. जूनच्या उबेत, माशांच्या थव्यात, मोठ्या तुकड्यांना धूर देऊन ते आतून वाळत नाहीत. अशा वेळी आधी कातडं काढून मांसाची ऊब घालवायची, मग अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर टांगायच्या, एकीला दुसरी चिकटू द्यायची नाही, आणि खाली धूर ठेवायचा तो माशा हाकलण्यापुरता. आपल्या कोळणी बोंबील वलांडीवर कसे सुटे टांगतात, तसंच. काही दिवसांत त्या मांसात अळ्या पडल्या. मारलं ते वाया गेलं याचं त्याला किती वाईट वाटलं ते त्याच्या टिपणांत आहे. तिथे माझं मन प्रत्येक वेळी गलबलतं, आणि तिथेच लोक हसतात.

याच पुस्तकात कार्ल मॅकन आहे, त्याच्यावर कधीच चर्चा होत नाही. १९८१ च्या मार्चमध्ये विमानाने अलास्काच्या आत उतरला, ५०० रोल फिल्म आणि सहाशेच्या वर किलो सामान घेऊन. परत न्यायला कोण येणार, ते पक्कं ठरवलंच नाही. पुढे एक विमान घिरट्या घालून गेलं. याने आनंदाने एक हात वर केला. वैमानिकाच्या लेखी एक हात म्हणजे 'सगळं ठीक'. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, वाय अक्षरासारखे. त्याला ते नंतर त्याच्याजवळच्या शिकारीच्या परवान्याच्या मागे छापलेलं सापडलं. थंडीत तो तिथेच संपला. दोन हात, वाय. एकटं जाणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ हवं, पण या पानांवरून लोक पुढे जातात, कारण मॅकनवर सिनेमा आला नाही.

आणि 'एकट्याने' या शब्दाचे पहारेकरी! रॉबिन डेव्हिडसन ही ऑस्ट्रेलियन बाई १९७७ मध्ये चार उंट आणि एक कुत्री घेऊन अ‍ॅलिस स्प्रिंग्सपासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे २७०० किलोमीटर चालली, तर यांचं म्हणणं, छायाचित्रकार अधूनमधून भेटायला यायचा, म्हणजे कसलं एकटं. निघण्याआधी जवळपास दोन वर्षं ती अ‍ॅलिस स्प्रिंग्समध्ये उंट हाताळायला शिकत राबली. त्या दोन वर्षांवर बोला ना! बाई असली की तिच्यासोबत कोण होतं हाच पहिला प्रश्न, आणि बाप्या असला की तो थोर होता का हा.

त्या गृहस्थांना मी बाहेर जिन्यात गाठलं. त्यांना ठाऊकच नव्हतं की बस आता तिथे नाही. १८ जून २०२० ला चिनूक हेलिकॉप्टरने ती उचलून नेली, माणसं मरत होती म्हणूनच. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. स्टॅम्पीड ट्रेलवर त्या जागी आता काही उरलेलं नाही, आणि तिथे पोचायला आधी सॅव्हेज नदी, मग टेक्लानिका, आणि परतताना पुन्हा दोन्ही. त्यांनी फोन काढून बघितलं, बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "कमरेचा पट्टा का सोडायचा म्हणालात?" तिथल्या तिथे त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेऊन दाखवलं, पट्टा बांधून एकदा आणि सोडून एकदा.