कासेगावच्या दादांना उत्तर: ओढ्याकडचा तुकडा आणि एका मळ्याची वाईन

दादा नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दरवेळी वाटलं की हे दोन ओळींत उरकायचं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी फ्रान्समधल्या शॅम्पेन भागातल्या सेद्रिक बुशार या शेतकऱ्याच्या वाईनबद्दल लिहिलं होतं, एकच मळा, एकच वाण, एकाच सालचं पीक आणि त्याची बुडबुड्याची वाईन. त्यावर दादा म्हणतात की बुडबुडे म्हणजे गॅस भरलेला सोडा, त्यात कसलं कौतुक. "एकच मळा" ही दर वाढवायची युक्ती आहे, आमच्या ओढ्याकडच्या एकराचा बेदाणाही बाकी रानापेक्षा वेगळा होतो, म्हणून आम्ही काय त्यावर पाटी लावतो का. आणि ज्या जिल्ह्यात लोकांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवल्या तिथं बसून परदेशातल्या श्रीमंतांच्या दारूचं गुणगान शोभत नाही, शिवाय आम्ही माळकरी.

माळेबद्दल आधी. तुम्ही घेऊ नका, मी कधी आग्रहही करणार नाही. मी लिहितोय ते द्राक्षाबद्दल, आणि द्राक्ष तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता सोडा. तुमचं अर्धं बरोबर आहे. स्वस्तातल्या बऱ्याच बाटल्यांत खरंच टाकीत गॅस सोडतात, सोडावॉटरसारखा, आणि ग्लासात ओतल्यावर दोन मिनिटांत ते बसतं. पण मी लिहिलं होतं त्या पद्धतीत गॅस बाहेरून येतच नाही, तो बाटलीच्या आतच तयार होतो. द्राक्षं लवकर तोडतात, आपण बेदाण्याला बावीस-चोवीस ब्रिक्सची (रसातल्या गोडीचं माप) वाट बघतो, तिकडे सोळा ते अठराच्या दरम्यानच काढणी, कारण आंबटपणा टिकायला हवा. काढणी हातानंच करायची असा तिथला नियम आहे, कारण घड फुटता कामा नये. घड देठासकट अख्खे प्रेसमध्ये घालून हळू दाबायचे, चार हजार किलोतून 2550 लिटर रस घ्यायचा, त्यातला पहिला 2050 लिटर चांगला आणि नंतरचा 500 लिटर दुय्यम. एवढ्या हलक्या हातानं दाबतात म्हणूनच काळ्या पिनो न्वार द्राक्षाचा रससुद्धा पांढरा निघतो. तो आंबवला की साधी, आंबट, दहा-अकरा टक्क्यांची वाईन होते, जी नुसती प्यायली तर तोंड वाकडं होईल.

खरं काम इथून पुढं. ती वाईन बाटलीत भरताना लिटरमागं साधारण 24 ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालतात आणि वर कोल्ड्रिंकच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं बूच मारतात. यीस्ट ती साखर खातं, अल्कोहोल सव्वा टक्क्यानं वाढतं आणि गॅसला बाहेर पडायला वाट नसल्यामुळं तो वाईनमध्येच मुरतो. चार ग्रॅम साखरेला एक अ‍ॅटमॉस्फिअर दाब असा सरळ हिशोब आहे, म्हणजे चोवीसला सहा. पंक्चरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर नव्वदच्या आसपास पीएसआय, तुमच्या गाडीच्या टायरमध्ये बत्तीस-पस्तीस असतो. म्हणून ती बाटली एवढी जाड, रिकामीच 835 ग्रॅमची. बुशार मात्र साखर कमी घालून दाब कमी ठेवतात, साडेचारच्या आसपास, कारण त्यांना बुडबुड्यांपेक्षा आतली वाईन दिसायला हवी असते. म्हणजे ज्याच्यावर तुमचा आक्षेप तोच माणूस बुडबुडे कमी करतोय दादा, हे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं.

मग बाटल्या तळघरात आडव्या पडून राहतात. नियमानं साध्या शॅम्पेनला भरल्यापासून किमान पंधरा महिने, एकाच सालच्या पिकाची असेल तर तीन वर्षं. या काळात यीस्ट मरतं, त्याच्या पेशी विरघळत जातात आणि वाईनला सकाळच्या बेकरीसमोरून जाताना येतो तसा वास येतो. गॅस सोडलेल्या बाटलीत हे येऊच शकत नाही, त्याला वेळच लागतो. शेवटी गाळ काढायचा असतो. भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांमध्ये बाटल्या मानेनं खोचून रोज थोड्या थोड्या फिरवत उलट्या करत न्यायच्या, हातानं केलं तर कित्येक आठवडे जातात, आता बरेच जण मशिन वापरतात ते आठवड्यात उरकतं आणि माझ्या मते त्यानं चवीत काही कमी होत नाही. गाळ मानेत जमला की मान उणे 27 अंशाच्या थंड द्रावणात बुडवतात, गाळाचा बर्फ होतो, बूच उघडलं की आतल्या दाबानं तो खडा बाहेर उडतो. कमी झालेली वाईन भरून काढताना बहुतेक जण थोडी साखर घालतात, आंबटपणा झाकला जातो. ब्रूट लिहिलेल्या बाटलीत लिटरला बारा ग्रॅमच्या आत साखर असते. बुशार काहीच घालत नाहीत.

आता तुमचा मुख्य मुद्दा, एकच मळा ही युक्ती आहे का. इथं मला आधी माझी एक चूक मान्य करायचीय. मी लिहिलं होतं की एकाच मळ्याची म्हणजे जास्त चांगली. ते चूक आहे, मी मागं घेतो. शॅम्पेनची सगळी परंपरा मिसळण्याची आहे, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या सालांची वाईन एकत्र करायची, कारण तिथं कधी वसंतात हिम पडतं, कधी ऐन काढणीत पाऊस, आणि एक साल बिघडलं तर जुन्या राखून ठेवलेल्या वाईननं ते सावरता येतं. मिसळणारी माणसं फार कसबी असतात आणि त्यांच्या बाटल्या अप्रतिम असू शकतात. शिवाय एकच मळा म्हणजे छोटा शेतकरी असंही नाही. क्रूग ही मोठी कंपनी, तिचा क्लो द्यु मेनिल नावाचा भिंतीआडचा मळा 1.84 हेक्टर म्हणजे साडेचार एकरांचा आहे, 1979 चं पीक त्यांनी पहिल्यांदा न मिसळता वेगळं भरलं, आणि ती बाटली खरंच श्रीमंतांचीच आहे. फिलिपोना कंपनी तर क्लो दे ग्वास या चढावरच्या बागेची वाईन 1935 पासून वेगळी काढते.

मग शेतकऱ्याची कशी ओळखायची, तर लेबलवर बारीक अक्षरात आरएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे ज्यानं पिकवलं त्यानंच केलं, बाहेरून पाच टक्क्यांपेक्षा जास्त माल घ्यायचा नाही. विकत घेऊन करणाऱ्या कंपनीचं एनएम. आरएम आणि एक मळा हे दोन्ही एकत्र आले की मग मिसळून झाकायला काही उरत नाही. त्या तुकड्यावर भुरी रोग आला, पाऊस लागला, मजुरानं कच्चे घड घातले, सगळं बाटलीत उतरतं, चांगलं तर चांगलं आणि वाईट तर वाईट. मला त्याचं मोल वाटतं ते यासाठी. त्या शेतकऱ्यानं आपल्या रानाची जबाबदारी नावानिशी घेतलेली असते.

आणि श्रीमंतांची दारू म्हणालात म्हणून सांगतो. बुशार ज्या ओब जिल्ह्यातले आहेत तिथल्या शेतकऱ्यांना 1908 साली शॅम्पेनच्या हद्दीतूनच वगळलं होतं. माल वर्षानुवर्षं उत्तरेकडच्या कंपन्यांना जायचा, पण नाव लावायचा हक्क नाही. 1911 मध्ये हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. त्याच साली उत्तरेकडच्या मार्न जिल्ह्यातले शेतकरीही पेटले होते, व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून भाव पाडतात म्हणून त्यांनी आय गावात व्यापाऱ्यांची कोठारं जाळली. ओबला तेव्हा दुय्यम विभाग म्हणून घेतलं आणि पूर्ण हक्क मिळायला 1927 उजाडलं. हे वाचताना मला आमचं वैराग गाव आठवलं. वडिलांची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग होती, एका वर्षी व्यापाऱ्यानं माल उचलला, निम्मे पैसे दिले आणि फोन बंद केला. आई त्या उन्हाळ्यात बाजाराला गेली नाही. 2013 च्या दुष्काळात आम्ही टँकरही घातले आणि शेवटी बाग काढली, तेव्हा टँकरचं दुःख मला ऐकून माहीत नाही दादा.

आज शॅम्पेनमध्ये द्राक्षाला किलोमागं सहा युरोच्या वर मिळतात. म्हणजे नुसतं विकून बुशारांसारख्या माणसाचं भागलं असतं, जेमतेम हेक्टरभर तुकड्याची वाईन वेगळी करून तीन-चार वर्षं पैसे अडकवून ठेवायची काही गरज नव्हती. आणि पिकाचं म्हणाल तर तिथं अलीकडच्या वर्षांत हेक्टरी आठ ते बारा हजार किलोच काढू दिलेत, म्हणजे एकरी तीन ते पाच टन. आपल्याकडं एकरी दहा टन निघाले नाहीत तर शेजारी विचारतो काय झालं म्हणून.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे परकंही नाही. नान्नजच्या नानासाहेब काळेंनी थॉमसनच्या वेलींतून लांब मण्याचा वेल हेरला, त्याचा सोनाका झाला, आज कितीतरी बागा त्याच्यावर आहेत. एका वेलीकडं नीट बघण्यातूनच ते आलं. अकलूजकडं फ्रातेल्ली या वाईन कंपनीनं स्वतःच्या बागांत वाईनचे वाण लावले आणि चेनिन ब्लां या वाणापासून बुडबुड्याची वाईनही काढली. थॉमसनपासून का करत नाहीत असं तुम्ही मधेच विचारलंय, त्याचं उत्तर एवढंच की थॉमसन खायला गोड पण रसाला फारसा वास नाही आणि आपल्या उन्हात त्याचा आंबटपणा लवकर उतरतो, चेनिन तो धरून ठेवतं. त्यातही जानेवारीत लवकर काढणी करावी लागते.

आता तुमच्याच वाक्याकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. ओढ्याकडच्या एकराचा बेदाणा वेगळा होतो असं तुम्ही लिहिलंय आणि लगेच ते सोडून दिलंय. कशानं वेगळा होतो? तिथं खाली मुरूम आहे का, सकाळचं ऊन उशिरा येतं का, ओढ्याच्या गारव्यानं मणी उशिरा पिकतात का? तुम्ही तो बाकीच्या मालात मिसळून पंढरपूरच्या सौद्याला नेता आणि तिथं फक्त रंग आणि साईज बघून बोली लागते, तुमचा ओढा त्या ढिगात कुणालाच दिसत नाही. बुशारनं फक्त एवढंच केलं की तो ढीग केला नाही.

यंदा एक करा दादा. त्या एकराचं ब्रिक्स छाटणीपासून शंभराव्या दिवसानंतर दर चार दिवसांनी वहीत लिहा, वरच्या रानाचंही शेजारी लिहा, आणि शेडवर त्याचा माल एका वेगळ्या जाळीवर वाळवा, डिपिंगही (वाळवण्याआधी द्रावणात बुडवणं) दोन्हीचं सारखंच ठेवा म्हणजे फरक रानाचाच राहील. तयार झाला की दोन्हीचा एकेक किलो मला द्या, मी विकत घेतो, मार्चअखेर पंढरपूरला येणारच आहे.