धरले ते ठीक, पण सोडले केव्हा?

न्यूयॉर्कच्या एका खटल्याविषयीचा मजकूर इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुन्हा फिरू लागला आहे. गेल्या आठवड्यात तो मला एका भाच्याने, एका साडूंनी आणि नेहरू पार्कात सकाळी भेटणाऱ्या एका स्नेह्यांनी, असा तिघांनी पाठवला. मजकुराचा आशय असा: भुयारी रेल्वेत चाकू घेऊन शिरलेल्या गुंडाला एका माजी सैनिकाने धरून ठेवले आणि त्यात तो गुंड मेला, सरकारने सैनिकावरच खुनाचा खटला भरून त्याला दीड वर्ष तुरुंगात सडवले, अखेर ‘लोकांना वाचवण्यासाठी जीव घेणे हा नागरिकाचा हक्क आहे’ असा निकाल न्यायालयाने दिला, आपल्याकडे मात्र कायदा मध्ये पडणाऱ्याला कसलाच हक्क देत नाही, म्हणून कुठे काही घडत असेल तर मोबाइलवर चित्रण करावे आणि मुकाट घरी जावे. जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे करणारा माणूस म्हणून मला यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करावेसे वाटते, आणि शेवटचे तर सर्वांत जास्त.

चाकूचे आधी संपवू. १ मे २०२३ रोजी मॅनहॅटनमध्ये ‘एफ’ गाडीच्या डब्यात मरण पावलेला जॉर्डन नीली ३० वर्षांचा होता, बेघर होता, मानसिक आजाराने ग्रस्त होता आणि एके काळी मायकेल जॅक्सनची नक्कल करून लोकांची करमणूक करत असे. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. खिशात एक मफिन सापडला. मात्र याच्या नेमका उलट जो मजकूर फिरतो, की भुकेल्या भिकाऱ्याला उगाच मारले, तोही अर्धाच आहे. नीलीने डब्यात शिरताच जाकीट जमिनीवर आपटले, भूक लागली आहे, तहान लागली आहे, तुरुंगात जायची किंवा मरायची पर्वा नाही, असे तो ओरडू लागला, आणि आपण खरोखर घाबरलो होतो असे अनेक प्रवाशांनी साक्षीत सांगितले. ही भीती खोटी होती असे अभियोग पक्षानेही, म्हणजे सरकारी बाजूनेही, म्हटले नाही.

खुनाचा आरोप कधीच नव्हता. नीलीला धरून ठेवणाऱ्या, अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी केलेल्या डॅनियल पेनीवर दोन आरोप होते: बेपर्वाईने मृत्यू घडवून आणल्याचा, ज्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती, आणि त्याहून सौम्य, गुन्हेगारी स्वरूपाच्या हयगयीने मृत्यू घडवल्याचा, ज्याला कमाल ४ वर्षे. तुरुंगात सडण्याचे म्हणाल, तर घटनेनंतर ११ दिवसांनी तो स्वतः हजर झाला आणि एक लाख डॉलरच्या जामिनावर त्याच दिवशी बाहेर पडला. खटल्याची टांगती तलवार ही यातना आहे, हे मी अशिलांच्या चेहऱ्यावर रोज पाहतो. पण ती यातना आणि कैद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ‘न्यायालयाने हक्क मान्य केला’ या विधानाकडे. निर्णय न्यायाधीशाने नव्हे, १२ सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने दिला. आमच्या पिढीची ज्यूरीविषयीची कल्पना नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यापुढे सरकलेली नाही: १९५९ साली मुंबईत ८ विरुद्ध १ असा निर्दोष असल्याचा कौल आला, न्यायाधीशाला तो पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे जन्मठेप झाली. न्यूयॉर्कमध्ये कौल एकमतानेच लागतो आणि निर्दोष ठरवल्यावर त्याविरुद्ध अपील नसते. इथे मोठ्या आरोपावर एकमत होईना, म्हणून ६ डिसेंबर २०२४ रोजी अभियोग पक्षाच्याच विनंतीवरून न्यायाधीश मॅक्सवेल वायली यांनी तो आरोप रद्द केला; त्यावर कौल झालाच नाही. ९ डिसेंबरला लहान आरोपातून पेनी निर्दोष सुटला. ज्यूरी कारणे लिहून देत नाही, त्यामुळे तिच्या तोंडी हक्काचे वाक्य घालणे ही मजकूर लिहिणाऱ्याची करामत आहे. शिवाय तिथे आरोपीने बचावाचा मुद्दा एकदा उपस्थित केला की तो खोटा असल्याचे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावर येतो. मृत्यूच्या कारणावरही दुमत होते: सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान दाबली गेल्याने मृत्यू झाल्याचे सांगितले, तर बचावाच्या तज्ज्ञाने सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष, मानसिक आजार, अमली पदार्थ आणि झटापट यांच्या एकत्रित परिणामाकडे बोट दाखवले. यांतली कोणती शंका कोणत्या सदस्याला पुरेशी वाटली, हे कौलावरून कळत नाही.

हा मजकूर आणि त्याला विरोध करणारे मजकूर, दोन्ही ज्यावरून उडी मारून जातात, ती गोष्ट म्हणजे घड्याळ. पेनीने मागून नीलीच्या मानेला हाताचा विळखा घातल्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटात गाडी ब्रॉडवे–लाफाएट स्थानकात पोहोचली, दारे उघडली आणि ज्यांना जायचे होते ते प्रवासी उतरू शकले. विळखा मात्र एकूण सुमारे सहा मिनिटे राहिला आणि अभियोग पक्षाच्या म्हणण्यानुसार नीलीचे शरीर ढिले पडल्यानंतरही ५१ सेकंद तो सुटला नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या की माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. तिथून पुढचा दाब त्याला काबूत ठेवण्यासाठी लागत नाही. माणूस बेशुद्ध झाला की पकड सोडायची असते, हे पेनीला शिकवणाऱ्या मरीन प्रशिक्षकानेच न्यायालयात सांगितले. बचावाचे म्हणणे असे की नीली अधूनमधून धडपडत होता, पोलिसांची वाट पाहिली जात होती आणि दाब सारखा नव्हता. म्हणजे वाद मध्ये पडण्याविषयी नव्हताच. पहिल्या अर्ध्या मिनिटाबद्दल सरकारी वकिलांनीही फारशी तक्रार केली नाही. खटला चालला तो उरलेल्या पाच-साडेपाच मिनिटांवर.

आणि आपला कायदा नेमका याच जागी बोलका आहे. मध्ये पडणाऱ्याला तो हक्क देत नाही, हे विधान निखालस चुकीचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५ (जुन्या दंड संहितेचे ९७) स्वतःच्याच नव्हे, तर ‘इतर कोणत्याही’ व्यक्तीच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क देते, आणि त्यासाठी ती व्यक्ती नात्याची असावी लागत नाही. समोरचा मनोरुग्ण असेल तर त्याच्या कृत्याला कायदा गुन्हा मानत नाही, तरीही त्याच्याविरुद्ध बचावाचा हक्क तसाच राहतो, हे कलम ३६ स्पष्ट सांगते. कलम ३८ मध्ये मोजलेल्या प्रसंगांत, उदाहरणार्थ मृत्यू किंवा जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला यांची वाजवी भीती असेल, तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. पण कलम ३७ म्हणते की बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि कलम ४० म्हणते की हक्क धोक्याच्या वाजवी भीतीबरोबर सुरू होतो व ती भीती टिकेल तोवरच टिकतो. जीव मुठीत धरलेल्या माणसाने किती बळ वापरले, हे सोन्याच्या तराजूत तोलायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे; पण भीती संपल्यानंतरच्या बळाला ही सवलत नाही. सद्भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली गेली आणि मृत्यू झाला, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो. तोही हलका गुन्हा नव्हे. एवढे मात्र मजकुराच्या बाजूने मान्य करतो की आपल्याकडे बचावाचा अपवाद दाखवण्याचा भार आरोपीवर असतो (आपले म्हणणे खरे असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दाखवले तरी पुरते), आणि ठाण्याच्या चकरांची भीती काल्पनिक नाही. त्यावर उतारा म्हणून काही जण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेले १३४-अ कलम पुढे करतात; ते रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी आहे, झटापटीत उतरणाऱ्यासाठी नाही.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या राजवाड्यासमोर संध्याकाळच्या गर्दीत एका बाईंच्या हातातला मोबाइल हिसकावून एक पोरगा पळाला आणि फुटपाथवर बसणाऱ्या गजरेवाल्याने त्याला आडवा होऊन धरले. तोवर मी दहा पावलांवर आलो होतो. लोक धावले, दोन चपराका बसल्याही. गजरेवाल्याने पोराला ओट्याच्या पायरीवर बसवले, स्वतः शेजारी बसला, एका हाताने त्याचे मनगट आणि दुसऱ्याने शर्टाची पाठ धरली. मानेला त्याने हात लावला नाही. ‘भिया, पकड़ लिया है, अब हाथ मत लगाना,’ असे तो प्रत्येक नव्या उत्साही माणसाला सांगत राहिला. पोलीस येईपर्यंत गजऱ्यांची टोपली लवंडलेलीच होती. त्याने केले त्याला कायद्यात नाव आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक अटक करू शकतो, फक्त विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते.

चपराका मारणाऱ्यांना मात्र कायद्यात आसरा नव्हता. इंदूरहून आग्रा–मुंबई रस्त्याने खाली उतरले की धुळे लागते. त्या जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना ठार मारले. त्या पाचांकडून कुणाला धोका नव्हताच. होती ती मोबाइलवर आलेली अफवा. अशा जागी ‘मी फक्त हात धरले होते’ म्हणणाऱ्यालाही न्याय संहितेचे समान उद्देशाचे कलम ३(५) आणि बेकायदा जमावाचे कलम १९० गाठू शकते.

राहता राहिला चित्रण करून घरी जाण्याचा सल्ला. न्यूयॉर्कच्या खटल्यातला सर्वांत वजनदार पुरावा एका प्रवाशाने केलेले चित्रणच होते, तेव्हा चित्रणाला मी नावे ठेवणार नाही. ११२ ला फोन लावून मग करावे, आणि घरी जाण्याऐवजी जबाब द्यायला थांबावे. त्या चित्रफितीत पेनी आणि नीलीखेरीज एका प्रवाशाचा आवाज आहे. तो कोणाशी भिडला नाही आणि पळालाही नाही. आता सोडले नाहीस तर तू याला मारून टाकशील, असे तो पेनीला बजावतो आहे.