अर्थ लागत नाही

चोर्ला घाटात धुकं, पाऊस आणि पुढं कोंबड्यांची एक गाडी, अशा अवस्थेत माझ्या गाडीच्या पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली: ऑल व्हील ड्राइव्ह बंद आहे, सर्व्हिसला न्या. मी गाडी कडेला घेतली, छत्री उघडली, खाली उतरलो आणि चाकं मोजली. चार भरली.

साडूंनी काच दोन बोटं खाली केली. "किती आहेत?"

"चार."

"मग चला की. बाजार उठंल."

बाजार म्हणजे म्हापशाचा, आणि घाई सकारण होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बंदी उठते आणि बहुतेकदा लगेच श्रावण छातीवर बसतो. त्या वर्षी दोहोंच्या मधे जेमतेम चार दिवस होते. अशा चार दिवसांत गाडीनं आजारी पडणं हे तिच्या संस्कारांत बसत नाही, असं साडूंचं मत पडलं.

इथं थोडा घरचा खुलासा करायला हवा. माझी सासुरवाडी बैलहोंगलची, घर माळकरी. तिथल्या थोरल्या मुलीशी मी लग्न केलं आणि धाकटीशी कोल्हापूरच्या या साडूंनी. दोन्ही घरांत मासा हा शब्दसुद्धा ज्योतिषापुरता, मीन राशीपर्यंत. तेव्हा साडू महिन्यातून एकदा "जरा शेताकडं बघून येऊया" म्हणून बेळगावला येतात, आम्ही जांबोटीजवळच्या माझ्या सव्वा एकराकडं निघतो आणि शेत डाव्या हाताला सोडून कणकुंबी, चोर्ला, साखळी करत गोव्यात उतरतो. परतताना बर्फाच्या पेटीतला ऐवज शेतघरात शिजतो. घरी येताना आमच्या अंगाला फक्त मातीचा वास असतो. गाडीचं मात्र तसं नव्हतं.

"अहो, गाडीत हा कसला वास येतो?" असं हिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी "एसीचा" म्हणालो. चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसानं एवढ्या ठामपणे सांगितल्यावर तिनं विश्वास ठेवला. पुढच्या दोन वर्षांत मी एसीचा फिल्टर दोनदा बदलला आणि डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या सुवासाची डबी चिकटवली. त्यानंतर गाडीला मोगरा माळलेल्या एसीचा वास येऊ लागला.

गाडी घेताना घरात दिलेलं कारण अर्थातच शेत. पावसाळ्यात त्या वाटेवर तांबडा चिखल असा धरतो, की चप्पल परत मिळत नाही. विक्रेत्यानं सांगितलं, ही चारही चाकांनी ओढते. हे अर्धंच खरं निघालं. एरवी ही पुढच्या दोनच चाकांवर चालते, मागची दोन नुसती सोबतीला. पुढची घसरायला लागली की चाकांचा वेग मोजणारे सेन्सर मागच्या बाजूच्या एका छोट्या कॉम्प्युटरला, म्हणजे कंट्रोल मॉड्यूलला, चुगली करतात. स्टिअरिंग किती वळलंय, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हेही त्याला कळतं. मग तो मागच्या अ‍ॅक्सलपाशी असलेल्या क्लचला वीज सोडतो, चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि मागची चाकं कामाला लागतात. आमच्या एकत्र कुटुंबातही असंच होतं. थोरले दोघं वर्षभर राबायचे आणि धाकटे पंगत बसली की पदर खोचून धावायचे. धाकट्यांना वेळेवर निरोप पोचला पाहिजे, एवढंच.

निरोप पोचत नव्हता. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. त्या सेंटरची फरशी इतकी पांढरी होती, की मी चपला काढायला वाकलो. टॅबलेटवाल्या पोरानं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात यंत्र खुपसलं आणि "यू-०११४" असं म्हणाला. 'पी'नं सुरू होणारे कोड इंजिन-गिअरबॉक्सचे, 'सी'चे चासीचे, 'बी'चे बॉडीचे आणि 'यू'चे संपर्काचे. यू-०११४ म्हणजे चारचाकी क्लचच्या मॉड्यूलशी बोलणं तुटलंय.

"मॉड्यूल गेलंय सर."

"कशानं?"

"मॉड्यूल आहे सर. जातं."

आकडा त्यानं तोंडानं सांगितला नाही, टॅबलेट माझ्याकडं वळवला. १ लाख १२ हजार, प्रोग्रॅमिंग वेगळं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुसल्यानं तो वाढला नाही, एवढाच दिलासा. तूर्त कोड पुसून द्या म्हटलं. त्यानं पुसला, आणि गाडी टिळकवाडीतून तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत अशी शहाण्यासारखी आली, की मलाच ओशाळं वाटलं. सहा दिवस दिवा नाही. सातव्या दिवशी शेताच्या चढावर चाक फिरलं आणि पिवळी अक्षरं परत हजर.

मग गल्ली धावून आली. समोरचे रिटायर्ड मामलेदार म्हणाले, उंदीर. त्यांच्या मते बेळगावात विजेचा कुठलाही बिघाड उंदरापाशी सुरू होतो. आम्ही बॉनेट उघडलं, पण उंदराची लेंडीसुद्धा सापडली नाही. बँकेतले म्हणाले, बॅटरी. यात तथ्य असतं. व्होल्टेज पडलं की गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांची नावं विसरतात. पण बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि इंजिन चालू केल्यावर १४ च्या आसपास. माझं ब्लडप्रेशर इतकं चांगलं कधी भरलं नाही. फोनवरून साडू म्हणाले, "टायर बघा मर्दा!" आणि पुढच्या एसटीनं स्वतः आले. त्यांचंही चूक नव्हतं. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असतील तर नव्याचा घेर मोठा पडतो, तो हळू फिरतो आणि मॉड्यूलला वाटतं बाकीचे घसरतायत. आम्ही हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून भर दुपारी चारही चाकांची मापं घेतली. जाणारा-येणारा थांबून बघत होता. "ब्लाउज शिवायलाय काय वो सर?" असं दूधवाला विचारून गेला. चारही घेर चार-पाच मिलिमीटरच्या आत होते. टेपेला मात्र जो चिखल लागला, त्याचा जाब मला रात्री द्यावा लागला.

आता तुटलेल्या संपर्काची बेळगावकराला तशी धास्ती नसते. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. एवढं होऊनही गणपत गल्लीतली भाजीवाली एकाच दमात मराठीत आणि कन्नडमध्ये दर सांगते आणि दोन्ही भाषांत तो जास्तच असतो. तेव्हा न बोलणाऱ्यांच्या मधे पडून काम उरकणारं माणूस शोधायचं, एवढं आम्हाला कळतं. असं माणूस मला उद्यमबागेत, एका फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये मिळालं.

माणूस म्हणजे माझाच विद्यार्थी. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, विज्ञानात ३७. मला आकडा आठवतो, कारण त्यातले दोन मी दिलेले होते. त्यानं पाया पडायला हात पुढं केला, हाताला ग्रीस दिसलं, मग नुसतीच मान लववली.

"कोड राहू दे सर. कोड म्हणजे कोण बोलत नाही ते सांगतो. का बोलत नाही ते सांगतोय काय?"

हे वाक्य मला चौतीस वर्षांत फळ्यावर लिहिता आलं नव्हतं.

त्यानं बॅटरीची वायर काढली आणि त्या सोळा पिनांतल्या सहाव्या आणि चौदाव्या पिनेला मीटरच्या सुया टेकवल्या. गाडीतले सगळे कॉम्प्युटर दोनच तारांवर बोलतात. त्या व्यवस्थेला कॅन म्हणतात. पीळ घातलेल्या या तारांवर निरोप एकच असतो, पण एकीवर व्होल्टेज वर जातं तेव्हा दुसरीवर खाली येतं, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखा पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. मला लगेच ती भाजीवाली आठवली.

"साठ ओम," तो म्हणाला. "सर, दोन टोकांना एकशेवीसचे दोन रोध आहेत. समांतर जोडणी. किती व्हायला पाहिजेत?"

हा प्रश्न मी किमान दोन हजार पोरांना विचारला असेल. पण शेडमध्ये उकडत होतं, डोक्यात १ लाख १२ हजार होते आणि समोर हेल्पर पोरगा बघत उभा होता.

"दोनशेचाळीस," मी म्हणालो.

शेडमध्ये जरा शांतता झाली.

"ते एकसर जोडणीत सर," तो फार हळू म्हणाला. "समांतरमध्ये साठच. म्हणजे तारा बऱ्या हाईत. बोलायची सोय हाय, बोलणारा गप्प हाय."

गप्प बसणारा डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या पॅनेलमागं राहत होता. हेल्परनं पॅनेलच्या क्लिपा उपटल्या. तीन नीट आल्या, चौथी कट्टकन मोडली. पॅनेल सुटल्याबरोबर पोरगा दोन पावलं मागं सरला आणि मिस्त्रीला म्हणाला, "मीनिन वासनी बरतद री."

माझं कन्नड यथातथाच आहे, पण 'मीनु' म्हणजे काय हे मला कळतं. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी शेडच्या पत्र्याकडं पाहिलं.

"एसीचा असेल," मी म्हणालो.

"डिकीत?"

मी उत्तर दिलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. गुरूचा मान राखणं त्याला ३७ मार्कांतही जमलेलं होतं.

मॉड्यूलचा कपलर सुटा करून, बॅटरी परत जोडून त्यानं मीटर लावला. १२.४ व्होल्ट. मला हायसं वाटलं. त्याला वाटलं नाही. "मीटर काय, फुकटात बोलतोय. त्याला करंट लागत नाही. वजन टाकून बघूया की." त्यानं फळीवरून हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्ब काढला. दोन वायरी डकवलेल्या होत्या, काचेवर धुळीचा थर. एक वायर कपलरच्या प्लसला, दुसरी त्याच कपलरच्या मायनसला. बल्बातली तार विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढी तांबूस झाली आणि तिथंच थांबली. मग दुसरी वायर काढून त्यानं ती पत्र्यावरच्या एका चकचकीत बोल्टावर टेकवली. शेडभर उजेड पडला.

"प्लस बरा हाय," तो म्हणाला. "अर्थ लागत नाही सर."

मी म्हणालो, "मला तर गेला महिनाभर लागत नाहीये."

त्यानं डिकीचा गालिचा उचलला. खालचा फोम ओला नव्हता, पण मिठागर सुकावं तसा पांढरट, कडक झाला होता. मॉड्यूलची काळी अर्थ वायर, म्हणजे मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी, ज्या बोल्टाला जाते, त्याचा षटकोन जाऊन गंजाचा तांबडा गोळा झाला होता आणि वायरीच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर, म्हणजे लगवर, हिरवी भुकटी, पितळेच्या न घासलेल्या घंगाळावर धरते तशी. त्या भुकटीत एक खवला चिकटला होता. करंगळीच्या नखाएवढा, अजून चंदेरी. त्यानं तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर उचलून उजेडात धरला.

मी तो खवला ओळखला. तांबोशी. आदल्या वर्षीच्या डिसेंबरातली. पेटीचा एक कोपरा साखळीच्या खड्ड्यात तडकला होता आणि "बर्फाचंच तर पाणी आहे" असं आम्हा दोघांचं एकमत झालं होतं.

मग त्यानं मला सगळं समजावलं, मी ज्या स्वरात समजावत असे त्याच स्वरात. गावात मॉड्यूलला जागं राहण्यापुरता थोडाच करंट लागतो; तेवढा त्या गंजातूनही जायचा. घाटात चाक घसरलं, क्लच आवळायचा हुकूम सुटला, की एकदम मोठा करंट मागितला जायचा. तो गंजाशी अडायचा, व्होल्टेज तिथंच खर्च व्हायचं आणि मॉड्यूल बेशुद्ध पडायचं. बाकीचे कॉम्प्युटर हाका मारून थकले की लिहून ठेवायचे, यू-०११४. पांढऱ्या फरशीवर ते कधीच पडलं नसतं. तिथं घसरायला काय होतं?

बोल्ट कापावा लागला. पत्रा पॉलिश पेपरनं घासून पांढरा केला, नवा लग दाबला, नवा बोल्ट आवळला, वरून ग्रीस थापलं. सगळं मिळून पाऊण तास. शेडच्या मागं फौंड्रीनं टाकलेल्या काळ्या वाळूचा ढीग होता. त्यात पुढची चाकं घालून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढची गरगरली, वाळू उडाली आणि मग कुणी मागून खांदा लावावा तशी गाडी ढिगावर चढली. दिवा नाही. हेल्परनं शिट्टी मारली.

मिस्त्रीचे हात ग्रीसचे, म्हणून बिल त्या हेल्परनं लिहिलं. कन्नडमध्ये. छापील कन्नड मी अडखळत वाचतो. हातानं लिहिलेलं आणि वर अंगठा उमटलेलं वाचायच्या भानगडीत पडलो नाही. ८५० हा आकडा कळला, तेवढा पुरे होता. १ लाख १२ हजार वाचवून घरी निघालेल्या माणसाच्या ऐटीत मी आलो आणि बिल हिच्या हातात दिलं. सेन्सरचा किरकोळ बिघाड होता, म्हणालो.

बैलहोंगलच्या कन्नड शाळेत शिकलेल्या बाईच्या हातात कन्नड कागद देऊ नये, हे मला तिनं चष्मा लावल्यावर सुचलं.

तिनं मोठ्यानं वाचलं. "अर्थ वायर, लग, बोल्ट, दीडशे. मजुरी पाचशे. मीनिन नीरु स्वच्छ करणे, दोनशे."

चष्म्यावरून माझ्याकडं बघत तिनं कागदाची घडी घातली.

"म्हणजे तो एसीचा नव्हता," ती म्हणाली, आणि बहिणीला फोन लावायला आत गेली.